भिंतीला टेकलेले पंतप्रधान

भुवया गेले ही बातमी घरात सगळ्यांत आधी माईंना कळली, आणि त्यांनी ती कुणालाच सांगितली नाही. दुपारच्या बातम्या संपल्यावर त्यांनी रेडिओ बंद केला, उरलेली भाजी चिरली, हात पुसले आणि लेकीला फोन लावला.

"संध्याकाळी चहाला या सगळे. येताना पाव आण. आणि हे बघ, दादांना उद्याचं काही विचारायचं नाही."

ताई इस्पितळात नर्स होती. ड्यूटी संपवून चपला बदलता बदलता तिने मोबाइल उघडला आणि एक चप्पल हातात धरून तशीच बाकावर बसली. पंतप्रधानांनी राजीनामा दिला होता. खरं तर दिला नव्हता, पक्षाने घेतला होता. निवडणूक तीन आठवड्यांवर आलेली असताना नेता बदलला होता. देशभर लोकांना ही बातमी राजकारणाची वाटली असेल. ताईला ती घरगुती वाटली.

कारण उद्या सकाळी दहा वाजता तिच्या वडिलांना, म्हणजे दादांना, नगर कार्यालयाच्या सभागृहात नागरिकत्वाची शपथ घ्यायची होती, आणि ती शपथ ते फक्त भुवयांना निवडणुकीत पाडण्यासाठी घेणार होते.

पंतप्रधानांना घरात कुणी नावाने ओळखत नसे. आठ वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा टीव्हीवर आले तेव्हा थोरल्या मुलाची मुलगी, म्हणजे घरातली एकुलती एक नात, जेवता जेवता म्हणाली होती, "ह्यांच्या भुवया बोलतायत, तोंड नुसतं हलतंय." तेव्हापासून भुवया. त्याच भाषणात भुवया म्हणाले होते, "बाहेरून आलेले लोक आमचे पाहुणे आहेत. पाहुण्यांनी पाहुण्यासारखं राहावं."

दादांनी ते भाषण टीव्हीसमोर उभं राहून ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून अमलात आणलं. सरकारचं म्हणणं इतक्या काटेकोरपणे पाळणारा माणूस सरकारला दुसरा मिळाला नसेल. पाहुणा यजमानाच्या भिंतीला खिळा मारत नाही, असं त्यांनी जाहीर केलं. एखाद्या न्हाव्याने हे जाहीर केलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. दादांचं फ्रेमचं दुकान होतं.

दुकान चालू राहिलं. दादा काच कापत, लाकूड जोडत, फोटो बसवत, गिऱ्हाइकाच्या घरी पोचवत, आणि भिंतीला टेकवून निघून येत. "टांगून नाही देणार?" "पाहुणा आहे मी." लोकांना वाटे म्हातारा थकला असेल. दुकानातली छोटी हातोडी फ्रेमच्या कामाला राहिली. भिंतीसाठी होती ती मोठी, लाल दांड्याची हातोडी त्या दिवशी दादांनी स्वयंपाकघरातल्या खणात टाकली, आणि पुढे ती कुठे गेली हे कुणी विचारलं नाही.

घरातही तोच नियम. घर स्वतःचं, हप्ते फेडून घेतलेलं, पण भिंती यजमानांच्या. त्यामुळे फ्रेमवाल्याच्या घरातले सगळे फोटो आठ वर्षं जमिनीवर भिंतीला टेकून उभे होते. ताईचं लग्न सोफ्याच्या मागे होतं. नातीचा पहिला वाढदिवस दाराच्या फटीत. माईंना केर काढताना आधी सगळे नातेवाईक उचलावे लागत आणि मग परत मांडावे लागत.

माई स्वतः मात्र बारा वर्षांपूर्वीच, भाजी आणायला म्हणून गेल्या आणि नागरिक होऊन आल्या होत्या.

*

"पाठीत सुरा खुपसला!" थोरला आत येता येता म्हणाला आणि त्याने डोक्यावरची टोपी टेबलावर आपटली. तो बस चालवायचा आणि अजून गणवेशातच होता. "आठ वर्षं त्या माणसाने पक्ष ओढला. आणि चार जणांनी बंद खोलीत बसून ठरवलं की उतरा. स्टॉप यायच्या आधी!"

थोरल्याची भुवयांवरची निष्ठा वैचारिक नव्हती. मागच्या निवडणुकीत भुवया फोटोग्राफर घेऊन त्याच्या बसमध्ये चढले होते, दोन स्टॉप उभ्याने गेले होते आणि उतरताना "छान चालवता" म्हणाले होते. थोरल्याला इतक्या वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. घरात तर नाहीच.

"लोकांना बदल हवा होता," जावई पावाला लोणी लावत म्हणाले.

"कालपर्यंत तुम्हीच म्हणत होतात ना जावईबापू, की भुवयांशिवाय देश बुडेल?"

"काल ते पंतप्रधान होते."

जावई घरं विकायचे. ओल आलेल्या खोलीला ते 'गारवा' म्हणत आणि अंधाऱ्या खोलीला 'शांतता'. किल्ली नव्या मालकाच्या हातात पडली की जुन्या मालकाचं नाव विसरायचं, हे त्यांच्या धंद्याचं पहिलं तत्त्व होतं. ते त्यांनी आज दुपारी देशाला लावलं होतं. नव्या पंतप्रधान बाईंचं भाषण त्यांनी गाडीत दोनदा ऐकलं होतं. बाई निकाल जाहीर केल्यासारख्या बोलतात म्हणून नातीने त्यांचं नाव लगेच हेडबाई ठेवलं होतं आणि ते तासाभरात घरभर झालं होतं.

"स्पष्ट बोलतात," जावई म्हणाले. "दार आता मोजून उघडायचं, म्हणाल्या. बरोबरच आहे. किती माणसं घ्यायची याला काही मर्यादा आहे की नाही?"

"आहे ना," माई चहा ओतत म्हणाल्या. "नेमकी तुमच्या पाठीमागून सुरू होते का हो ती?"

"तसं नाही माई. आपण रीतसर आलो."

"रीतसर म्हणजे तुझं तिकीट माझ्या पगारातून निघालं," ताई म्हणाली. "त्याला रीत म्हणत असशील तर म्हण."

"आणि एक लक्षात घ्या," जावई विषय सांभाळत म्हणाले, "हेडबाईंची आजीसुद्धा बाहेरूनच आलेली आहे. बोटीने. म्हणजे त्या आपल्यातल्याच."

"म्हणून तर भीती वाटते मला," नात म्हणाली. "आपल्यातले कसे असतात ते मी रोज जेवताना बघते."

नात दंतवैद्यकी शिकत होती, पण तिला घरात वकील म्हणत. फावल्या वेळात ती विरोधी पक्षाची पत्रकं वाटायची, आणि तिचा या घरातला एकमेव हक्काचा भावी मतदार म्हणजे आजोबा. गेली दोन वर्षं आजोबा आणि नात एका गटात होते. ती त्यांच्याकडून नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास करून घ्यायची, ते तिला भुवयांवरची नवनवी विशेषणं पुरवायचे. थोरल्याला स्वतःच्याच घरात बाप आणि मुलगी असा दोन्ही बाजूंनी मार बसायचा.

तेवढ्यात मागच्या दाराने दादा आले. दुकान घराच्या मागेच होतं. त्यांच्या बाहीला लाकडाचा भुसा लागला होता. ते खुर्चीवर बसले, चहाचा कप पुढे ओढला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले,

"मला न सांगता गेला."

माईंनी पाव त्यांच्यापुढे सरकवला.

"आठ वर्षं वाट बघितली मी त्या माणसाची. अर्ज भरला. परीक्षा दिली. ह्यांच्या नद्या पाठ केल्या, राजांची नावं पाठ केली. आणि ह्याला तीन आठवडे थांबवलं नाही."

"आजोबा, पक्ष तोच आहे ना," वकीलबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पक्षाला पाडा."

"पक्ष मला पाहुणा म्हणाला नव्हता. तो माणूस म्हणाला होता."

"हेडबाई त्याच्याहून वाईट बोलतात!"

"बोलत असतील. मी ऐकलेलं नाही. मी तेव्हा काच कापत होतो." दादांनी चहाचा घोट घेतला. "भांडण असं एकाकडून उचलून दुसऱ्याला देता येत नाही, बाळ. आठ वर्षं मुरलेलं आहे ते. आणि आता बिचाऱ्याला त्याच्याच माणसांनी रस्त्यावर काढला. पडलेल्या माणसाला मी काय पाडू?"

"बिचाऱ्याला?" नात किंचाळली.

"बरोबर बोलतायत दादा," थोरला म्हणाला.

सगळ्यांनी थोरल्याकडे बघितलं. दुकान न सांभाळता थोरल्याने बसचं स्टिअरिंग धरलं त्या दिवसापासून बाप आणि मुलगा कशावरही एकमत झाले नव्हते, अगदी चहात साखर किती यावरसुद्धा. आज त्यांना भुवयांनी एकत्र आणलं होतं. पंतप्रधान असताना भुवयांना देशात कुणालाच एकत्र आणता आलं नव्हतं.

थोरल्याला क्षणभर फार बरं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की या एकमताचा अर्थ काय होतो, आणि त्याने हळूच बहिणीकडे बघितलं.

ताईने माईंची ताकीद दिवसभर पाळली होती. आता तिने कप खाली ठेवला.

"दादा, उद्या शपथेची तिसरी तारीख आहे. पहिल्या तारखेला तुमचा गुडघा दुखत होता. दुसऱ्या तारखेला तुमचं तातडीचं काम निघालं, काय तर कुणाच्या तरी कुत्र्याचा फोटो. उद्या गेला नाहीत तर अर्ज बाद. आणि निवडून आल्यावर नवे अर्ज घेणं बंद, असं हेडबाईंनी आज पहिल्याच भाषणात सांगितलंय. तुम्ही काच कापत होतात, मी ऐकलंय. म्हणजे दर वर्षी राहण्याच्या परवान्यासाठी रांगेत उभं राहायचं, त्या गुडघ्यावर. आणि एखाद्या वर्षी नाही म्हणाले तर? तिकडे आता कोण आहे आपलं? दाराचं कुलूपसुद्धा आपलं नाही तिकडे."

"कोण नाही म्हणेल मला? मी काय त्रास देतो कुणाला?"

"त्रास देणाऱ्यांनाच नाही म्हणतात असं कुठे आहे?" ताईचा आवाज थोडा चिरकला आणि तिला स्वतःचाच राग आला. इस्पितळात ती यापेक्षा कितीतरी वाईट गोष्टी सपाट आवाजात सांगायची. "मला दुसरं काही नको. मला फक्त तुमचा दर वर्षीचा घोर नको."

जावई म्हणाले, "बरोबर आहे हिचं. दार बंद व्हायच्या आत माणसाने आत असावं." हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. आणि आज पहिल्यांदाच नातीने त्यांच्या बाजूने मान डोलावली, मग लगेच कपाळाला हात लावला.

फोन वाजला तेव्हा सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. नगर कार्यालयातला कारकून होता. दादांनी ऐकून घेतलं, दोनदा "हो" म्हटलं आणि शेवटी म्हणाले, "घेऊन येईन मी. पण खिळा तुमचा माणूस मारेल... हो, नेहमीसारखंच."

"काय म्हणतोय?" थोरल्याने विचारलं.

"उद्याच्या शपथेला भिंतीवर पंतप्रधानांचा फोटो लागतो. चालू पंतप्रधानांचा. फ्रेम आणि फोटो घेऊन माणूस निघालाय." दादा उठले. "फ्रेम तीच ठेवा म्हणाला, आतला माणूस बदला."

*

नगर कार्यालयाची फ्रेम सागवानी, जड, कडेला नक्षी असलेली होती. ती दादांनीच फार पूर्वी केली होती, हातोडीचे दिवस होते तेव्हा. त्यांनी ती दुकानातल्या टेबलावर पालथी घातली, मागचे बारीक खिळे पक्कडीने वाकवले आणि पाठीचा पुठ्ठा काढला.

माई स्टुलावर येऊन बसल्या. बाहेरून भांड्यांचा आणि भांडणाचा आवाज येत होता. जावई आणि नात यांची युती भांडी घासण्यापर्यंतही टिकली नव्हती.

दादांची एक सवय होती. फोटो बदलताना ते जुना काढून टाकत नसत. त्याच्यावरच नवा ठेवून काच बसवत. एक तर जुना फोटो जाड कागदाचा, पाठीला आधार होतो. आणि दुसरं म्हणजे गेलेला माणूस कधी कधी परत येतो, मग पुन्हा मागवायला नको. त्यामुळे त्या एका फ्रेमच्या पोटात सगळे एकावर एक झोपलेले होते. सगळ्यांत वर भुवया. त्यांच्या खाली जाड चष्मेवाले, त्यांच्या खाली दोनच महिने टिकलेले एक सर्दीवाले. आणि अगदी तळाला मिशीवाले, ज्यांच्या कारकिर्दीत दादा आणि माई दोन बॅगा घेऊन इथे उतरले होते.

"मिशी काय होती माणसाची," माई म्हणाल्या.

"त्या वेळी पाहुणे म्हणत नसत."

"काहीच म्हणत नसत. दिसतच नव्हतो आपण कुणाला."

दादांनी भुवयांचा फोटो हातात धरून उजेडात बघितला. "बारीक झाला होता गं शेवटी शेवटी."

"आठ वर्षांत आज त्याच्याकडे नीट बघताय तुम्ही."

"रोज शिव्या द्यायच्या तर बघायला कुठे लागतं?" त्यांनी भुवया परत जागेवर ठेवले आणि वर हेडबाई ठेवल्या. कागदाच्या कडा जुळवल्या. बाईंच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते अजून वाळायचं होतं.

"मग उद्या?"

"फ्रेम पोचवतो."

"आणि शपथ?"

दादांनी काच पुसली. बराच वेळ पुसली. "कुणाविरुद्ध घेऊ आता?"

"विरुद्ध घ्यायची असते होय?"

"तू कशासाठी घेतलीस?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं. माईंनी आठवल्यासारखं केलं, पण उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. "वाचनालयातल्या बाईने विचारलं, कायमच्या आहात की तात्पुरत्या? इतकी वर्षं एकाच नळाखाली भांडी घासल्यावर तात्पुरती म्हणायची लाज वाटली मला."

"मला सांगितलं नाहीस."

"भाजी आणायला जाते म्हणून सांगितलं होतं. भाजीही आणली होती."

दादा हसले आणि मग हसायचे थांबले. त्यांना गेले काही तास एक गोष्ट टोचत होती. पाहुणा असण्यात एक सुख होतं. छप्पर गळलं तर बादली दुसऱ्याने ठेवायची. चूक झाली तर यजमानाची. भुवयांनी त्यांचा अपमान केला होता हे खरं, पण त्या अपमानात ते आठ वर्षं पाय लांब करून बसले होते हेही खरं. आता अपमान करणारा गेला आणि बसायला काही राहिलं नाही.

हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. "गुडघा दुखतोय," म्हणाले.

"मग उद्या फ्रेम आपण सगळेच घेऊन जाऊ," माई म्हणाल्या. "जड आहे."

*

सभागृहात शपथ घ्यायला पंचवीसेक माणसं जमली होती. सगळ्यांनी चांगले कपडे घातले होते आणि सगळे दवाखान्यात नंबर लावल्यासारखे बसले होते. एका तान्ह्या मुलाने, ज्याला शपथ घ्यायची नव्हती, सगळ्यांच्या वतीने रडून घेतलं. दारावरच्या रखवालदाराने पिशव्या तपासल्या, पण माईंचं वय बघून त्यांच्या पर्सकडे बघितलं नाही.

थोरला आणि जावई फ्रेम घेऊन आत आले आणि नेहमीच्या पद्धतीने ती भिंतीला टेकवली. हेडबाई जमिनीवरून लोकांच्या गुडघ्यांकडे बघून हसू लागल्या.

"आणि हे काय?" दादा म्हणाले.

भिंतीत, जिथे खिळा असायचा तिथे, मुठीएवढं भगदाड होतं. काल भुवयांना उतरवताना खिळा निघाला होता आणि खिळ्याबरोबर गिलावा आला होता. कार्यालयाच्या माणसाने आठ वर्षांपूर्वी मारलेला तो खिळा. दादांनी भगदाडात बोट घालून बघितलं आणि ते डॉक्टरसारखे गप्प झाले.

टाय लावलेले अधिकारी घाईघाईने आले. "अरेरे. आमचा शिपाई शनिवारी नसतो. हातोडी कपाटात आहे आणि किल्ली त्याच्याकडे." मग त्यांचा चेहरा उजळला. "पण तुम्ही आहात की! तुमचंच काम हे. मारा एक खिळा."

"मी पाहुणा आहे," दादा म्हणाले.

"म्हणजे?"

"पाहुणा भिंतीला खिळा मारत नाही."

अधिकाऱ्यांनी ताईकडे बघितलं. ताईने, आम्हाला सवय आहे, अशा अर्थाचा चेहरा केला.

"पण आज तुम्हीसुद्धा शपथ घेणाऱ्यांत आहात ना?" अधिकाऱ्यांनी हातातला कागद बघितला. "मग शपथ घेतल्यावर मारा."

"मग होऊ दे शपथ."

"फोटो भिंतीवर असल्याशिवाय शपथ देता येत नाही."

"आणि शपथेशिवाय मला खिळा मारता येत नाही."

शपथ घेणार की नाही हे दादा अजून बोलले नव्हते. माईंनी ते लक्षात ठेवलं.

पंचवीस माणसं बघत होती. ताईने घड्याळाकडे बघितलं. अधिकारी म्हणाले की फोटो नसेल तर आजची सगळीच शपथ पुढे ढकलावी लागेल, आणि निवडणुकीनंतर काय होईल ते त्यांच्या हातात नाही. बसलेल्या लोकांत ही बातमी कुजबुजत मागच्या रांगेपर्यंत गेली आणि शांतता होऊन पुढे आली.

इथे जावयांना कल्पना सुचली. ते धावत गाडीकडे गेले आणि हातात एक रीळ घेऊन परत आले. "दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी! मी 'विकणे आहे'च्या पाट्या हिनेच लावतो. वादळातसुद्धा हलत नाहीत." त्यांनी टर्रकन एक पट्टी फाडली आणि सागवानी फ्रेमच्या मागे लावण्यासाठी वाकले.

"हात लावू नका!"

सभागृहात दादांचा आवाज घुमला. तान्हं मूल गप्प झालं.

"काच आहे त्यात," दादा म्हणाले. "सागवान आहे. चिकटपट्टीवर? माझी फ्रेम? खाली माणसं बसणार आहेत, लहान मूल आहे. पडली तर?" ते भिंतीजवळ गेले आणि भगदाडाच्या बाजूला बोटाच्या पेराने टकटक करू लागले. पोकळ. पोकळ. आणखी वीतभर पलीकडे, भरीव. तिथे त्यांनी अंगठा दाबून ठेवला. अंगठा तिथून निघेना. सगळ्यांना ते दिसत होतं. भिंत चांगली होती, जागा सापडली होती, आणि फक्त माणूस चुकीचा होता.

ते अधिकाऱ्यांकडे वळले. "नियमात काय लिहिलंय? नेमकं वाचा."

"'विद्यमान पंतप्रधानांचे छायाचित्र भिंतीवर असावे.'"

"कशाने, ते लिहिलंय?"

अधिकाऱ्यांनी कागद उलटून बघितला. "नाही."

"थोरल्या. जावईबापू. उचला आणि इथे धरा."

जावयांनी लगेच एक बाजू धरली. थोरला हाताची घडी घालून उभा राहिला. "मी ह्या बाईंना धरणार नाही दादा. भुवयांना ज्यांनी पाडलं..."

"बाईंना कोण धर म्हणतंय? फ्रेमला धर. फ्रेम आपली आहे. आणि भुवया आतच आहेत, मागे. त्यांना धर हवं तर."

थोरल्याने फ्रेम धरली. दोघांनी ती खांद्याच्या वर उचलून भिंतीला लावली. एकमेकांकडे बघायला नको म्हणून दोघांनी मान वळवली, तर मध्ये हेडबाई आल्या.

"डावीकडून वर घ्या," नात ओरडली. "बाबा, तुमची बाजू पडतेय!"

"तुझ्या पक्षाला बोलाव धरायला!"

"मला आधी घ्या," दादा अधिकाऱ्यांना म्हणाले. "फार वेळ धरणार नाहीत ते. एक ड्रायव्हर आहे, एक दलाल आहे."

अधिकारी काहीतरी क्रमाबद्दल म्हणणार होते. पण मागच्या रांगेतला कुणी एक उठून त्यांना समजेल अशा भाषेत म्हणाला, "घ्या हो त्यांना आधी," आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. अधिकाऱ्यांनी कागद सरळ केला.

दादा मधे उभे राहिले. शपथ चार ओळींची होती. दुसऱ्या ओळीत त्यांचा आवाज अडखळला, पण तो शब्दच अवघड होता. ताईने मोबाइल काढला होता, पण फोटो काढायचं राहून गेलं. इस्पितळात तिने अनेकांना आत घेतलं होतं आणि बाहेर सोडलं होतं. उभ्याउभ्या आत आलेला माणूस ती पहिल्यांदा बघत होती.

"अभिनंदन," अधिकारी म्हणाले.

"लवकर!" जावई म्हणाले. फ्रेमची त्यांची बाजू खाली येत होती.

दादा वळले. "हातोडी लागेल. मोठी. दुकानातली चालायची नाही, ती..." आणि ते थांबले, कारण मोठी हातोडी कुठे आहे हे त्यांना आठ वर्षं माहीत नव्हतं.

माईंनी पर्स उघडली. रुमाल काढला, चष्म्याचं घर काढलं, आणि मग स्वयंपाकघरातल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यांच्या हातात दिलं. लाल दांडा. फडक्याच्या गाठीत तीन लांब खिळे.

दादांनी हातोडी हातात तोलली. "आज आणलीस?"

"पहिल्या तारखेलाही पर्समध्ये घातली होती," माई म्हणाल्या. "दुसऱ्यालाही."

दादांनी एक खुर्ची भिंतीजवळ ओढली. ते खुर्चीवर चढले. दुखणाऱ्या गुडघ्याचं नाव त्यांनी काढलं नाही आणि दुसऱ्या कुणीही काढलं नाही. मघाशी अंगठ्याने हेरलेल्या जागी त्यांनी खिळा टेकवला आणि चार ठोक्यांत बसवला. गिलाव्याचा कणसुद्धा पडला नाही. मग थोरल्याने आणि जावयांनी फ्रेम त्यावर अडकवली आणि दोघांनी एकाच वेळी एकाच सुरात "हुश्श" म्हटलं. त्या दिवशीचं ते शेवटचं एकमत.

दादा खाली उतरले, तीन पावलं मागे गेले आणि एक डोळा मिटून बघितलं.

"आजोबा," नात त्यांच्या कानाशी लागली. "मत कुणाला मग?"

"आधी सरळ आहे का ते बघू दे." त्यांनी आणखी थोडं बघितलं. "तीन आठवडे आहेत ना? काय म्हणतात ते ऐकतो बाईंचं. उभं राहून."

बाकीच्यांची शपथ सुरू झाली. मूल पुन्हा रडू लागलं. माईंनी पर्स उघडून हात पुढे केला, हातोडी परत आत ठेवायला.

दादांनी हातोडी फडक्यात गुंडाळली आणि स्वतःच्या कोटाच्या खिशात घातली. दांडा बाहेर राहिला.

"राहू दे," ते म्हणाले. "घरी पुष्कळ काम आहे."